डाउन सिंड्रोम : शरीरातला 'गंज' लघवीतून कसा मोजतात?

डाउन सिंड्रोममध्ये 21 व्या गुणसूत्राच्या बहुधा दोनऐवजी तीन प्रती असतात. याच गुणसूत्रावर 'एसओडी-1' जनुक आहे. त्याचं एन्झाइम सुपरऑक्साइडचं हायड्रोजन पेरॉक्साइड करतं आणि ते साधारण दीडपट तयार होतं. पण पेरॉक्साइडचा निचरा करणाऱ्या कॅटलेजचं जनुक 11 व्या गुणसूत्रावर. तिथे जादा प्रत नाही. एक मशीन जोरात, पुढचं जुन्याच वेगात. माल मध्येच साचणार!

या ऑक्सिडेटिव्ह ताणाचा माग लघवीत लागतो. डीएनएला इजा झाली की '8-ओएचडीजी', पेशींतल्या स्निग्धांशाला झाली की आयसोप्रोस्टेन बाहेर पडतं. सुई टोचावी लागत नाही. लहान मुलांच्या बाबतीत ही मोठीच सोय.

गोची आकड्यात आहे. पाणी जास्त प्यायलं की नमुना पातळ होतो, म्हणून आकडा क्रिएटिनिनच्या प्रमाणात मांडतात. पण क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. स्नायू कमी असतील, तर भागाकार उगाच मोठा दिसतो. 'ताण वाढला' असं वाचलं की आधी हा छेद पाहा.

आणि लगेच गोळ्यांकडे वळू नका. ब्रिटनमध्ये 156 बाळांवर झालेल्या चाचणीत ('बीएमजे', 2008) अँटिऑक्सिडंट देऊन मुलांच्या विकासात फरक दिसला नव्हता.