गर्भवतीसाठी फोनवरील आरोग्यसल्ला

पेरणीची वेळ टळली की पीक हातचे जाते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. गर्भवतीच्या बाबतीतही योग्य सल्ला योग्य महिन्यातच मिळणे अगत्याचे असते. याच हेतूने केंद्र सरकारने जानेवारी २०१६ मध्ये ‘किलकारी’ ही योजना सुरू केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ती महाराष्ट्रातही आली.

गर्भारपणाच्या चौथ्या महिन्यापासून मूल एक वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्यास एक, असे ७२ संदेश फोनवर विनामूल्य ऐकविले जातात. त्यास अक्षरओळख लागत नाही. साधा मोबाईलही पुरतो. लोहाच्या गोळ्या, तपासण्या, स्तनपान, लसीकरण यांची माहिती त्या त्या वेळी मिळते. मात्र शेवटच्या पाळीची तारीख चुकीची नोंदविल्यास सल्लाही अवेळी येतो. नोंद करताना ती नीट विचारून घ्यावी.

पुष्कळ घरी फोन एकच असून तो यजमानांबरोबर शेतावर जातो. संदेश येतो, परंतु जिच्यासाठी आला तिच्या कानी पडत नाही. म्हणून कार्यकर्त्यांनी शक्यतो घरी राहणाऱ्या फोनचा क्रमांक लिहून घ्यावा. क्रमांक बदलल्यास कुटुंबाने आशाताईंस कळवावे.

फोन हा दवाखान्याचा पर्याय नव्हे. रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके किंवा बाळाची हालचाल मंदावणे, यांपैकी काहीही आढळताच पुढील संदेशाची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. शेतकरी बंधूंनीही हे संदेश पत्नीसमवेत ऐकावेत. धोक्याची खूण दोघांना ठाऊक असल्यास दवाखान्यास निघण्यात विलंब होत नाही.