टाकी भरली, पण पंप बंद होईना!

हॉस्टेलमध्ये दोन विषयांवर कधीही वाद रंगतो. एक मेसची भाजी आणि दुसरं वजन. "मी काडीपैलवान, मला कसली शुगर होणार?" असं म्हणणारा प्रत्येक मजल्यावर एक तरी असतोच. मीही त्यातलाच. पण माझे काकाही असेच बारीक. त्यांना शुगर निघाली तेव्हा घरात कोणाचा विश्वासच बसेना.

२००४ साली 'लॅन्सेट' या मेडिकल जर्नलमध्ये दोन डॉक्टरांची तुलना छापून आली. एक पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा : २२.३. आणि शरीरातली चरबी? युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! काट्याला मात्र दोघे एकाच माळेचे मणी.

मग चरबी किती आहे हे शरीराला कसं कळतं? चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं हॉर्मोन रक्तात सोडतात. साधारणपणे चरबी जास्त तर लेप्टिन जास्त. ते मेंदूला सांगतं, "साठा पुरेसा आहे, आता ताटावरून ऊठ." आपल्या गच्चीवरच्या टाकीतला फ्लोट स्विचच म्हणा ना! टाकी भरली की पंप बंद.

हे कळलं ते उंदरांमुळे. १९४९ साली अमेरिकेच्या जॅक्सन लॅबोरेटरीत काही उंदीर बेसुमार लठ्ठ झालेले दिसले. त्या जातीला 'ओबी' म्हणतात. १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या टीमने त्यांच्यात बिघडलेला जीन शोधून काढला. हा जीन लेप्टिनचाच होता.

आता मोजायचं कसं? उंदीर २५-३० ग्रॅमचा, त्याच्या अंगात रक्त जेमतेम २ मिली. त्यातलं एका वेळी फार तर दहावा हिस्सा घ्यायचा, तोही प्राणी प्रयोगांच्या समितीची परवानगी असेल तरच. रक्त गोठू देऊन सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवलं की वर सीरम राहतं. हे सीरम ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये टाकतात. खळग्याच्या तळाशी लेप्टिनला पकडून ठेवणारी अँटिबॉडी चिकटवलेली असते. बाकी सगळं धुऊन टाकायचं. मग एन्झाइम जोडलेली दुसरी अँटिबॉडी टाकायची, पुन्हा धुवायचं आणि शेवटी रंगाचं द्रावण. लेप्टिन जितकं जास्त तितका निळा रंग गडद. ॲसिड टाकलं की तो पिवळा होतो आणि मशीन ४५० नॅनोमीटरवर तो वाचतं. याला एलायझा म्हणतात.

पण मशीन लेप्टिन मोजत नाही, फक्त रंग मोजतं! म्हणून शेजारच्या खळग्यांत माहीत असलेल्या प्रमाणाचं लेप्टिन ठेवून आलेख काढतात आणि त्यावरून आपला आकडा वाचतात. एक खळगा लेप्टिनशिवायचा असतो. आपल्या जालन्याच्या एमआयडीसीत स्क्रॅपचा ट्रक आधी भरलेला काट्यावर चढतो, नंतर रिकामा. रिकाम्याचं वजन वजा केल्याशिवाय स्क्रॅप किती ते कळणार कसं? हा खळगा म्हणजे तो रिकामा ट्रक. वेळही पाळावी लागते. उंदीर काही तास उपाशी राहिला तर चरबी फारशी न घटताही लेप्टिन उतरतं.

खरी गंमत पुढेच आहे. 'ओबी' उंदरात कामाचं लेप्टिन नसतंच. 'डीबी' नावाच्या दुसऱ्या जातीत ते भरपूर असतं, पण मेंदूतलं ते ऐकणारं रिसेप्टरच बिघडलेलं. दोघेही गोलमटोल! एकाचा फ्लोट तुटलेला, दुसऱ्याची वायर. बहुतेक लठ्ठ माणसांतही लेप्टिन कमी नसतं, उलट जास्तच असतं. त्यामुळे लेप्टिनचं इंजेक्शन हा लठ्ठपणावर सरसकट उपाय ठरला नाही. ज्यांच्यात जन्मतःच लेप्टिन नाही, अशा मोजक्या रुग्णांना मात्र त्याने खूप फायदा झाला.

याज्ञिकांच्या टीमने पुणे जिल्ह्यातली नवजात बाळंही तपासली. वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडच्या बाळांपेक्षा पुष्कळ कमी. पण नाळेच्या रक्तातलं लेप्टिन जवळपास लंडनच्या बाळांइतकंच! म्हणजे हाडामांसाने बारीक, पण चरबी जपून ठेवलेली. आमच्या काकांचं कोडं थोडं तरी सुटलं.

तेव्हा काडीपैलवानांनो, नुसत्या वजनावर खूश होऊ नका. कंबरेला एकदा टेप लावून बघा. मी लावला. आता जिन्यानेच चढतो!