ऊन पाण्याची गोधडी

परभणीची थंडी पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना खोटी वाटते. मराठवाडा म्हणजे ऊन, धूळ आणि दुष्काळ, असं त्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण डिसेंबर लागला की राज्यातल्या गारठलेल्या गावांच्या यादीत परभणीचं नाव येतंच. इथल्या कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेत पारा पाच-सहा अंशांवर उतरतो, एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जातो. समुद्र लांब, हवा कोरडी आणि आकाश निरभ्र. दिवसभर तापलेली काळी जमीन रात्री आपली सगळी ऊब त्या उघड्या आकाशात सोडून देते. दुपारी स्वेटर नकोसा होतो आणि पहाटे तोच पुरत नाही.

गरम पाण्याची सगळी गोम याच फरकात आहे. आता गच्चीगच्चीवर सोलर बसलं आहे. सूर्य पाणी तापवतो भर दुपारी आणि आपल्याला ते लागतं पहाटे सहाला. मधले चौदा-पंधरा तास ते पाणी कडाक्याच्या थंडीत, घराबाहेर, गच्चीवर उघड्यावर पडून असतं. आपण पाणी तापवण्यावर पैसे खर्च करतो, दहा दुकानं हिंडतो, टाकी किती लिटरची यावर घरात वाद घालतो. पण तापलेलं पाणी राखायचं कसं, हा प्रश्न कुणाला विचारत नाही.

हा प्रश्न आपल्या आज्यांना मात्र नीट ठाऊक होता. न्हाणीघर अंगणात, आणि त्याच्या बाजूला पाणी तापवायची चूल. कित्येक घरांत तांब्याचा मोठा हंडा त्या चुलीत कायमचा बसवून टाकलेला असे. काठ तेवढा वर दिसायचा, बाकी सगळा मातीत. ती मातीही नुसती नसे. तिच्यात शेण आणि भुसा कालवलेला असे. भुशाने माती तडकत नाही, हे तर खरंच. पण भुशाच्या काड्यांत अडकलेली हवा उष्णता बाहेर जाऊ देत नाही, हा त्याचा दुसरा उपयोग. जळण म्हणजे शेतातल्या पऱ्हाट्या आणि तुराट्या. कापसाचा मुलूख, त्यामुळे पऱ्हाट्यांना तोटा नव्हता, पण त्या भुर्रकन पेटतात आणि भुर्रकन विझतात. म्हणून रात्री निखाऱ्यांवर राख ओढायची, वर एखादी गोवरी सरकवायची, हंड्यावर जड झाकण ठेवायचं आणि झाकणावर ओलं न झालेलं गोणपाट. सकाळी पाणी कढत नसलं तरी ऊन असे. (आमच्याकडे गरम पाण्याला ऊन पाणीच म्हणतात. सोलर आल्यावर या शब्दाला नव्याने अर्थ आला, एवढंच.)

शहरातल्या वाड्यांमध्ये बंब होते. तांब्याचा उभा पिंप, त्याच्या पोटातून वर जाणारी नळी, नळीत जळण आणि खाली राख पडायची जाळी. पुण्याच्या तांबट आळीत असे बंब ठोकले जात. बंब ही फार हुशारीची वस्तू. विस्तव पाण्याच्या बाहेर नाही, मधोमध. त्यामुळे त्याची धग बाहेर जाण्याआधी पाण्यातूनच जाते. उणीव एकच. तांब्याचं बाहेरचं अंग उघडं. विस्तव विझला की तोच बंब पाणी गार करायला लागतो, आणि तेही झपाट्याने. कारण तांब्यातून उष्णता स्थिर हवेच्या सोळा हजार पट सहज धावते.

स्थिर हवा. या दोन शब्दांत सगळं शास्त्र आलं. लोकर, रजई, गोधडी, थर्माकोल, टाकीभोवतीचा पफ, यांपैकी एकही वस्तू स्वतः ऊब देत नाही. बारीक बारीक कप्प्यांत हवा कोंडून ठेवणं एवढंच त्यांचं काम. हलती हवा ऊब पळवते, कोंडलेली हवा ती अडवते. काउंट रम्फर्ड या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बेंजामिन थॉम्सनने अठराव्या शतकाच्या अखेरीस कापूस, लोकर, पिसं, केस अशा वस्तू तपासून हे दाखवलं. त्याच्या उष्णतेवरच्या कामासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीने १७९२ साली त्याला कोप्ले पदक दिलं. पुढे १८९२ मध्ये जेम्स ड्यूअरने दोन भिंतींमधली हवाच काढून टाकली आणि निर्वात बाटली केली. आपण तिला थर्मास म्हणतो. आज गच्चीवर ज्या काळ्या काचेच्या नळ्या तिरप्या मांडलेल्या दिसतात, त्या म्हणजे लांबट थर्मासच. म्हणून बाहेर सहा अंश असले तरी स्वच्छ उन्हात त्यांच्यातलं पाणी तापतं.

मागे एका थंडीत मी घरी एक साधा प्रयोग केला. दोन सारखे पितळी हंडे, दोन्हींत एकाच पातेल्यातलं कढत पाणी, दोन्हींवर झाकण. रात्री नऊ वाजता एक तसाच अंगणात ठेवला, दुसरा लाकडी पाटावर ठेवून जुन्या गोधडीत गुंडाळला, झाकणासकट. पहाटे पाचला उघड्या हंड्यातलं पाणी हाताला गारच लागलं. गोधडीतल्या पाण्यात विसण घातल्याशिवाय ते अंगावर घेववेना. सासूबाईंना या प्रयोगाचं काडीचं कौतुक वाटलं नाही. ‘‘अगं, दुधाचं विरजणसुद्धा थंडीत गुंडाळून ठेवतो आपण,’’ त्या म्हणाल्या, आणि चहाला लागल्या.

आता हिशेब. शंभर लिटर पाणी वीस अंशांवरून साठावर न्यायला चार हजार किलोकॅलरी लागतात. विजेच्या भाषेत साडेचार युनिटांहून थोडं जास्त. तेच पाणी रात्रीत दहा अंशांनी उतरलं, तर एक युनिटाहून अधिक उष्णता आकाशाला दान झाली. चांगल्या टाकीभोवती साधारण दोन इंच जाडीचा पफ असतो. तो कोरडा आणि सलग असेल तर गारठ्याच्या रात्रीतही टाकी सात-आठ अंशांहून फार उतरू नये. तुमची टाकी किती उतरते, हे बघायला यंत्र लागत नाही. रात्री नऊ-दहाला गच्चीवर जा आणि टाकीच्या बाहेरच्या पत्र्यावरून हात फिरवा. एखाद्या जागी पत्रा कोमट लागला, तर तिथे आत पफ नाही किंवा तो भिजला आहे. स्थिर हवेपेक्षा पाणी सुमारे पंचवीस पट जास्त उष्णता वाहून नेतं. म्हणून भिजलेलं पांघरूण असून नसल्यासारखं. टाकीच्या टोकांची झाकणं, नळ्या जिथे आत शिरतात तिथली रबरी कडी, गंजलेला तळ, या पाणी झिरपायच्या जागा.

पण खरी चोरी टाकीत होत नाही, ती नळीत होते. महाराष्ट्रात २००५ नंतरची काही वर्षं भारनियमनाची होती. पहाटे गीझर लावावा तर वीज नाही. त्या काळात आमच्या भागात सोलरची संख्या भराभर वाढली. विक्रेत्यांनी टाक्या चांगल्या दिल्या, आणि टाकीपासून न्हाणीघरापर्यंत तीस-चाळीस फूट नळी बहुतेक ठिकाणी उघडी सोडली. आमच्याकडे बसवायला आलेल्या फिटरला मी नळीला काही गुंडाळणार का, असं विचारलं. तो म्हणाला, ‘‘ताई, इकडं कोण गुंडाळतंय? इकडं ऊनच ऊन!’’ दुपारी तीन वाजता घाम पुसत दिलेलं हे उत्तर होतं.

चाळीस फूट पाऊण इंची नळीत सुमारे तीन लिटर पाणी मावतं. उघड्या नळीत, पहाटेच्या वाऱ्यात, ते अर्ध्या तासात गार होतं. म्हणजे सहाला एकाने अंघोळ केली आणि पावणेसातला दुसरा शिरला, तर नळी पुन्हा गार. पुन्हा तीन लिटर सोडून द्यायचं, शिवाय नळी तापेपर्यंत आणखी थोडं. सहा माणसांच्या घरात बादली-दीड बादली पाणी रोज मोरीत जातं. जिथे नळाला पाणी येण्याचे दिवस कॅलेंडरवर मांडून ठेवावे लागतात, तिथे ही गंमत परवडणारी नाही. आणि सोडलेल्या प्रत्येक लिटरमागे टाकीत एक लिटर गार पाणी शिरतं, उरलेलं गरम पाणी आणखी निवतं. याची किंमत कोण मोजतं? सगळ्यांत शेवटी अंघोळ करणारी. बहुतेक घरांत ती घरातली बाईच असते. डबे भरून, शाळेच्या रिक्षात पोरं बसवून ती न्हाणीघरात जाते, तेव्हा तोटीतून कोमट पाणी येतं. बंबाच्या काळातही शेवटची बादली तिचीच होती आणि सोलरच्या काळातही तिचीच आहे.

आता एक गोष्ट कोणताही दुकानदार सांगत नाही, म्हणून सांगते. नळीला गुंडाळलं म्हणून रात्रभर नळीत थांबलेलं पाणी सकाळी गरम निघेल, या भ्रमात राहू नका. नळी बारीक, तिच्यातलं पाणी थोडं आणि बाहेरचं अंग मोठं. अर्धा इंच जाडीचं पांघरूण तिला फार तर तास-दीड तास सावरतं. पहाटेचं पहिलं पाणी गारच येणार. फायदा होतो तो पहिल्या आणि दुसऱ्या अंघोळीच्या मधल्या वेळात. म्हणून पांघरुणाच्या जोडीला अंघोळी एकामागून एक उरकाव्यात. ते पहिलं गार पाणी बादलीत धरावं, तेच विसण. नवीन घर बांधत असाल तर टाकी न्हाणीघराच्या डोक्यावर येईल अशी जागा आधीच ठरवा, आणि एकाच तोटीसाठी पाऊण इंची नळीऐवजी अर्धा इंची घाला. पाणी निम्म्यावर येतं. मिस्त्री कुरकुरेल. कुरकुरू द्या.

गुंडाळायला काय वापरावं? गोणपाट आणि सुतळी हा आमच्या गल्लीतला पहिला उपाय होता. पहिल्या पावसात ते भिजलं, दुसऱ्या पावसात कुजलं, आणि मग खारींनी त्याची घरटी केली. कापूस तर आमच्या घरचा, मानवत आणि सेलूच्या बाजारात गाड्याच्या गाड्या उतरणारा. कोरडा असेपर्यंत त्याच्यासारखं पांघरूण नाही, पण उघड्यावर तो टिकत नाही. फ्रिज आणि एसी दुरुस्त करणाऱ्यांकडे काळ्या रबराच्या पोकळ नळ्या मिळतात. त्या आत बंद बुडबुड्यांच्या असल्याने पाणी पीत नाहीत. आपल्या नळीच्या बाहेरच्या मापाच्या घ्याव्यात. सैल बसल्या तर आत वारा खेळतो आणि सगळं मुसळ केरात. कोपरे आणि व्हॉल्व्ह यांना विसरू नये, फिटर तेवढेच सोडतो. मात्र हे रबर परभणीच्या उन्हात दोन-तीन उन्हाळ्यांत तडकून भुगा होतं, म्हणून त्यावर ॲल्युमिनियमची चिकटपट्टी खालून वर, एकावर एक चढवत गुंडाळायची, कौलं चढवतात तशी, म्हणजे पाऊस आत शिरत नाही. सपाट काचेच्या जुन्या पद्धतीच्या सोलरमध्ये पेटी आणि टाकी यांना जोडणाऱ्या दोन्ही नळ्याही गुंडाळाव्यात. तिथे टाकीचा तळ पेटीच्या वरच्या कडेपेक्षा फूटभर उंच असावा. नाही तर रात्री पाणी उलटं फिरतं आणि दिवसभर तापवणारी पेटीच ते गार करत बसते.

काही ठिकाणी मात्र पांघरुणाचा मोह घातक आहे. टाकीवरची हवा जाण्याची उभी नळी कधीही बंद करू नये की बांधून टाकू नये. विजेच्या गीझरचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह आणि तारांचं झाकण मोकळं हवं. बंबाच्या धुराड्याला चिंधी लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. गॅसच्या गीझरला तर काहीच गुंडाळू नये, आणि तो बंद न्हाणीघरात लावूच नये. जळताना हवा कमी पडली की त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणूस आवाज न करता कोसळतो.

बोअरच्या पाण्याचा त्रास वेगळाच. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी बहुतेक ठिकाणी जड, त्याचे क्षार तापल्यावर नळ्यांत पांढरा थर धरतात, आणि पाणी मुळातच कमी तापतं. अशा वेळी कितीही गुंडाळलं तरी राखायला काही हाती नसतं. आधी नळ्या साफ करून घ्याव्या लागतात.

नळीला पांघरूण घालायला घरातल्या कुणालाही एक दुपार पुरते. करवत नको, पाना नको. कात्री आणि चिकटपट्टी असली की झालं. आमच्याकडे हे काम दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी केलं. पट्टी मात्र दर मे महिन्याच्या अखेरीस, मृगाच्या आधी, वर जाऊन बघावी लागते. उन्हाने तिच्या कडा सुटलेल्या असतात आणि कबुतरांनी कुठे ना कुठे चोच मारलेली असते.