चौथ्या दिवसाचं दुखणं

मूल जन्मल्यावर साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी आईची छाती दुधाने दाटून येते. नॉर्मल प्रसूती झालेली बाई तोवर बहुधा घरी पोचलेली असते. सरकारी नियमांनुसार अशा प्रसूतीनंतर आईने किमान ४८ तास रुग्णालयात राहावं. म्हणजे नियम काटेकोर पाळला तरी छाती दगडासारखी कडक होते, बाळाला स्तन तोंडात नीट धरता येत नाही आणि पाजताना डोळ्यांत पाणी येतं, तेव्हा तिच्याजवळ ना परिचारिका असते ना डॉक्टर. असतात ते घरच्यांचे सल्ले, आणि ते दोन टोकांचे असतात. एक म्हणतं, सगळ्याच आयांना दुखतं, सहन कर. दुसरं म्हणतं, एवढं दुखतंय तर पाजणं बंद कर, डबा आणू. दोन्ही सल्ले मायेपोटी दिले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पाजतानाचं दुखणं हा स्तनपानाचा अटळ भाग नाही, तसं ते थांबवण्याचं कारणही नाही. काहीतरी चुकतंय हे शरीर त्यातून सांगत असतं, आणि वेळेवर लक्ष दिलं तर बहुतेक वेळा ते घरच्या घरी सुधारता येतं.

हा प्रश्न दुर्गम खेड्यांचा आहे असं वाटत असेल, तर चंडीगडकडे पाहावं. अवघ्या ११४ चौरस किलोमीटरच्या या आखीव शहरात १९६२ पासून पीजीआय ही मोठी वैद्यकीय संस्था आहे, सेक्टर ३२ मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, सेक्टर १६ मध्ये मोठं सरकारी रुग्णालय आहे. पंजाब, हरियाणा, हिमाचलमधून रुग्ण इथे उपचारांसाठी येतात. इथल्या बाईला डॉक्टर दूर नाही. तिला मिळत नाही ते नेमक्या चौथ्या दिवशी शेजारी बसून बाळ कसं पितंय हे पाहणारं माणूस. मोहाली-पंचकुलात नोकरीनिमित्त राहणाऱ्या किंवा चंडीमंदिरच्या लष्करी वसाहतीतल्या मराठी जोडप्यांना ही उणीव जास्तच जाणवते, कारण माहेर-सासर दोन्ही हजार-दीड हजार किलोमीटरवर असतं. देशभराचं चित्रही याच दिशेने बोट दाखवतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत झाल्या, पण जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेली मुलं फक्त ४१.८ टक्के होती. प्रसूती सुरक्षित करण्यात आपण मोठी मजल मारली. त्यानंतर लगेच लागणाऱ्या मदतीत मात्र कमी पडलो.

दुखण्याची सुरुवात बहुधा स्तनाग्रापासून होते. पहिल्या काही दिवसांत बाळाने स्तन धरताना क्षणभर ओढ बसणं स्वाभाविक आहे. पण बाळ पीत असेपर्यंत दुखत राहिलं, चिरा पडल्या, रक्त आलं, तर बाळाची पकड चुकतेय असं समजावं. पिऊन झाल्यावर स्तनाग्र नीट पाहावं. ते गोल असेल तर ठीक. चपटं किंवा एका बाजूने तिरकं झालं असेल, टोक पांढरं पडलं असेल, तर बाळ फक्त स्तनाग्र चोखत होतं आणि ते त्याच्या टाळूवर घासत होतं. चांगल्या पकडीत बाळाचं तोंड मोठं उघडलेलं असतं, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो, हनुवटी स्तनाला टेकलेली असते आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भाग खालच्या बाजूने जास्त तोंडात गेलेला असतो. गाल आत ओढले जात नाहीत आणि दूध गिळल्याचा आवाज येतो. तसं नसेल तर बाळाला ओढून काढू नये. तोंडाच्या कोपऱ्यातून करंगळी आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा लावावं. आईने बाळावर वाकू नये, बाळाला आपल्याकडे आणावं. त्याचं डोकं, पाठ आणि कुल्ले एका रेषेत असावेत. सिझेरियन झालेल्या आईला कुशीवर झोपून पाजणं सोपं जातं. एवढं करूनही दुखणं थांबलं नाही, तर बाळाची जीभ खाली जखडलेली आहे का, हे बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. बाळाच्या तोंडात न पुसले जाणारे पांढरे डाग असतील, तर तेही त्यांना सांगावं.

पकड चुकली की दूध पुरेसं ओढलं जात नाही, स्तन दाटतो, आत सूज येते आणि दूधवाहिन्या दबून अरुंद होतात. मग एखादी जागा कडक, लाल, गरम होते, हात लावू देत नाही. ताप चढतो, अंग मोडून येतं, फ्लू झाल्यासारखं वाटतं. यालाच स्तनदाह म्हणतात. प्रत्येक स्तनदाहात जंतू असतातच असं नाही. सुरुवातीला बऱ्याचदा ती नुसती सूज असते. ती तशीच राहिली, चिरांमधून जंतू आत शिरले, तर संसर्ग होतो, आणि पुढे क्वचित पू होऊन गळू धरतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००० साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यानुसार बहुतेक स्तनदाह पहिल्या बारा आठवड्यांत होतात. म्हणजे डोळ्यांत तेल घालून पाहायचा काळ फार लांबलचक नाही.

उपचारांविषयीचं वैद्यकीय मत मात्र गेल्या काही वर्षांत बदललं आहे. गरम शेक द्या, गाठ जोर लावून चोळा, स्तन पूर्ण रिकामा करा, असा सल्ला पिढ्यानपिढ्या दिला गेला आणि डॉक्टरही तो देत आले. स्तनपानाच्या वैद्यकशास्त्रात काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय अकादमीने २०२२ मध्ये आपली मार्गदर्शक तत्त्वं सुधारली आणि यातल्या बऱ्याच गोष्टी नाकारल्या. जोराने चोळल्याने नाजूक पेशींना इजा होते आणि सूज वाढते. पंपाने वारंवार दूध काढलं की शरीर तेवढं दूध आणखी बनवतं आणि दाटणं संपतच नाही. म्हणून आता सांगितलं जातं ते असं: बाळ मागेल तसं नेहमीप्रमाणे पाजावं, जास्तीचं ओरबाडून काढू नये. दोन पाजण्यांच्या मध्ये कापडात गुंडाळलेला बर्फ किंवा थंड पट्टी ठेवावी. ब्रा घट्ट नसावी. पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन स्तनपान चालू असताना घेता येतं, पण मूत्रपिंडाचा, जठरातल्या व्रणाचा, रक्तदाबाचा किंवा दम्याचा त्रास असल्यास आयबुप्रोफेन डॉक्टरांना विचारूनच घ्यावं. छाती फार दाटून बाळाला धरता येत नसेल, तर हाताने थोडंसं दूध काढून काळसर भाग मऊ करावा, तेवढंच पुरे.

यावर आजी-आत्या विचारतील, आम्ही शेक देऊनच बरं केलं ना? प्रश्न रास्त आहे. कोमट शेकाने काहींना आराम वाटतो आणि पाजण्याआधी थोडा वेळ तो घ्यायला हरकत नाही. दिल्लीच्या एम्समधल्या, २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाटलेल्या स्तनांवर आलटून-पालटून गरम आणि थंड शेक दिल्याने थंड कोबीच्या पानांपेक्षा वेदना जास्त कमी झाल्या होत्या. म्हणजे जुन्या शेकात अजिबात तथ्य नाही असं नाही. पण लाल झालेल्या, सुजलेल्या स्तनाला सतत गरम ठेवणं आणि तेल लावून मुठीने रगडणं ही वेगळी गोष्ट आहे. तिचा फायदा दाखवणारा पुरावा नाही आणि तिने होणारं नुकसान डॉक्टर पाहतात.

दुसरी शंका दुधाविषयी असते. संसर्ग झालेल्या स्तनाचं दूध बाळाला बाधेल या भीतीने पाजणं बंद केलं जातं. निरोगी, पूर्ण दिवसांच्या बाळाला ते बाधत नाही. उलट अचानक थांबल्याने दूध साचतं आणि गळू होण्याचा धोका वाढतो. बाळ कमी दिवसांचं किंवा आजारी असेल, तर मात्र डॉक्टरांना विचारावं. प्रतिजैविकं लागतात तेव्हा स्तनपानाला चालणारी औषधं उपलब्ध आहेत. पण ती दुकानदाराकडून आपल्या मनाने घेऊ नयेत, आणि सुरू केल्यावर दोन दिवसांत बरं वाटलं म्हणून अर्ध्यावर सोडू नयेत. या संसर्गात बहुधा आढळणारा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू अनेक औषधांना दाद देत नाही, म्हणून कधी दुधाची तपासणीही लागते.

गळू धरलं म्हणजे स्तन फाडावा लागेल, ही भीतीही जुनीच. आज सोनोग्राफीत पाहून सुईने पू ओढून काढता येतो. कधी ते दोन-तीनदा करावं लागतं, पण मोठी चीर टळते आणि बहुतेकींना पाजणंही चालू ठेवता येतं. शिवाय ही अवस्था सर्रास येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एका पाहणीत स्तनदाह झालेल्या बायकांपैकी साधारण तीन टक्क्यांनाच गळू झालं.

एवढी खटपट कशाला, बाजारात डबे आहेत, असंही कोणी म्हणेल. एखाद्या आईने, सगळी माहिती घेऊन, पाजणं थांबवायचं ठरवलं तर तिला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण जी आई पाजू इच्छिते आणि केवळ दुखण्याने हरते, तिचा निर्णय खरा तिचा नसतो. मदत मिळाली नाही म्हणून तो तिच्यावर लादला गेलेला असतो. आणि डबा लगेच दुखणं थांबवत नाही. दाटलेली छाती एकदम सोडून दिली तर आधी ती जास्त दुखते.

उपाय महागडा नाही. २०११ पासूनच्या नवजात गृहभेट योजनेत रुग्णालयात प्रसूती झालेल्या आईकडे आशा कार्यकर्तीने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचं असतं. तिसरा दिवस नेमका मोक्याचा आहे. पण शहरातल्या सेक्टरांच्या, फ्लॅटांच्या वस्तीत ही भेट सहसा पोचत नाही. चंडीगडसारख्या शहरात मोठ्या रुग्णालयांनी घरी सोडतानाच चौथ्या-पाचव्या दिवसाची वेळ ठरवून दिली, किंवा परिचारिकेचा एक फोन गेला, तर कित्येक दुखणी सुरुवातीलाच आटोक्यात येतील.

तोवर घरातल्यांनी एवढं करावं. बाळंतिणीला डिंकाचे लाडू जरूर द्या, पण चौथ्या दिवशी ती पाजताना तिच्या चेहऱ्याकडेही पाहा. ताप १०१ अंशांवर गेला, चोवीस तासांत आराम पडला नाही, लाली पसरत गेली, गाठ पाण्याने भरल्यासारखी लिबलिबीत लागली किंवा स्तनाग्रातून पू आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. बरं होऊनही गाठ राहिली किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर पुढची तपासणी टाळू नका, कारण क्वचित क्षयरोग किंवा कर्करोगही याच रूपात दिसतो. आणि तिला ‘सहन कर’ असं कधीच म्हणू नका.