तू कोणाच्या ग्रुपमधला?

नव्या ऑफिसचा पहिला दिवस आठवतोय? हातात डबा, कँटीन फुल्ल आणि बसायचं कुठे तेच कळत नाही. अकाउंट्सवाले एका टेबलावर, मार्केटिंगवाले दुसऱ्या. मी तर चक्क जिन्यात बसून पोळी-भाजी खाल्ली होती!

आता हाच सीन कॅलिफोर्नियातल्या तुरुंगात बघा. तिथे चुकीच्या टेबलावर बसलात तर थेट जिवावर बेतू शकतं.

कैदी गँगमध्ये का जातात? ‘मुळातच गुंड ते, दुसरं काय करणार,’ असं मलाही वाटायचं. मग डेव्हिड स्कार्बेक या अभ्यासकाचं ‘द सोशल ऑर्डर ऑफ द अंडरवर्ल्ड’ (2014) हातात पडलं आणि माझी विकेटच गेली.

सॅन क्वेन्टिनचा तुरुंग 1852 पासूनचा. पण पहिली शंभर वर्षं कॅलिफोर्नियाच्या तुरुंगांत आजच्यासारख्या गँग नव्हत्याच! कैदी थोडे, सगळे एकमेकांना ओळखून. चुगली करायची नाही, उधारी बुडवायची नाही, हा अलिखित नियम. मोडलात तर नाव खराब, खेळ खल्लास.

मग गर्दी वाढत गेली. 1957 मध्ये ड्यूएलच्या तुरुंगात ‘मेक्सिकन माफिया’ उभी राहिली, पुढच्या दशकात सॅन क्वेन्टिनमध्ये ‘आर्यन ब्रदरहुड’. 2011 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने कैदी कमी करायला सांगितलं, तेव्हा सुमारे 80 हजारांच्या जागेत जवळपास दुप्पट माणसं कोंबलेली होती. एवढ्या गर्दीत कोण कोणाला ओळखणार? आणि ड्रग्जची उधारी कुणी बुडवली तर गार्डकडे तक्रार तरी कशी करणार?

इथे ग्रुप कामाला येतो. नवा माणूस आला की आधी त्याचे कोर्टाचे कागद तपासतात. गुन्हा कोणता, कुणाची खबर तर दिली नाही ना? पास झालात की तुमची हमी ग्रुप घेतो. सगळेच काही पक्के मेंबर होत नाहीत. बरेच जण आपापल्या वंशाच्या ग्रुपला नुसते जोडून राहतात.

पण बॉस, हे फुकट नसतं. वरून हुकूम आला की मारामारीत उतरायचं. नाही म्हणालात तर आपलेच लोक तुडवतात. उतरलात तर शिक्षा वाढू शकते. म्हणजे जीव वाचवायला आत शिरलेला माणूस आणखीच अडकतो.

गंमत म्हणजे त्याच राज्यातल्या बायकांच्या तुरुंगांत अशा गँग नाहीत. स्कार्बेकच्या मते कारण साधं आहे. तिथे संख्या कमी, त्यामुळे कोण कशी आहे हे सगळ्यांना ठाऊक. मग माणसं वाईट म्हणून गँग, की ओळख पुसणारी गर्दी म्हणून गँग?

हे पुस्तक लोकलमध्ये वाचत होते, तर कव्हर बघून शेजारच्या काकू चार बोटं लांब सरकल्या. मला तो जिना आठवला. मला तिथे फक्त एकटं वाटलं होतं. तिथल्या नव्या कैद्याला तेवढीही चैन परवडत नाही.