चाळीस टक्क्यांवर बंद पडणारा फोन
घरातली यंत्रं : लेखांक ११

फोन मधेच बंद पडतो म्हणून दुकानात जावं, तर काउंटरवरून हमखास एक उत्तर येतं : ‘सॉफ्टवेअर मारून देतो.’ म्हणजे फोन पुसून कोरा करायचा. फोटो जातात, व्हॉट्सॲपवरची जुनी बोलणी जातात आणि चार दिवसांनी फोन पुन्हा बंद पडतो. दुकानदार लबाड असतो असं नाही. त्याला हे काम सर्वांत सोपं असतं, इतकंच. म्हणून दुकानाची पायरी चढण्याआधी दोन-तीन दिवस फक्त पाहावं : फोन नेमका कधी बंद पडतो? कारणाचा निम्मा पत्ता या ‘कधी’मध्येच लागतो.

आधी हे पाहा, की तो बंद होतो की बंद होऊन आपला आपण पुन्हा चालू होतो. एखादं ॲप बिघडलं किंवा अपडेट अर्धवट बसलं, तर फोन बहुधा रीस्टार्ट होतो. तशा वेळी अँड्रॉइड फोन सेफ मोडमध्ये चालवून पाहावा. तुम्ही टाकलेली सगळी ॲप्स त्यात झोपलेली असतात, त्यामुळे तिथे फोन सुरळीत चालला तर दोष त्यांच्यातल्याच एकाचा. पण स्क्रीन दिवा विझल्यासारखी जाते आणि बटण दाबेपर्यंत फोन मेल्यासारखा पडून राहतो, तेव्हा पहिला संशय बॅटरीवर घ्यावा.

‘अहो, पण चाळीस टक्के होती की!’ असं सगळेच म्हणतात. तो टक्क्याचा आकडा म्हणजे मोजमाप नव्हे, अंदाज आहे. बॅटरीत किती वीज गेली, किती आली आणि व्होल्टेज किती आहे, यावरून एक चिप तो बांधते. फोनला मात्र टक्के कळत नाहीत, त्याला व्होल्टेज लागतं. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण भरली की ४.२ ते ४.४ व्होल्टच्या आसपास असते, आणि ते सव्वातीनच्या आगेमागे उतरलं की फोन स्वतःला बंद करून घेतो. बॅटरी जुनी होते तसा तिचा अंतर्गत रोध वाढतो. टाकीत पाणी आहे, पण क्षार साचून पाइप चोंदलाय. बारीक धार नीट येते, दोन नळ एकदम सोडले की वरच्या मजल्यावर थेंब नाही, तसं हे. समजा, कॅमेऱ्याचा फ्लॅश उडाला आणि क्षणभर दोन अँपिअर लागले. नव्या बॅटरीचा रोध ०.१ ओहम धरला, तर व्होल्टेज ०.२ ने खचेल. जुनीचा पाव ओहम झाला असेल, तर तब्बल अर्ध्या व्होल्टने. ३.७ चे झाले ३.२, आणि फोन गेला. चार्जरला लावला की लगेच तीस-पस्तीस टक्के दाखवतो, कारण वीज आत खरंच होती, फक्त मागितली तेव्हा बाहेर आली नाही.

थंडीतही हा रोध वाढतो. लेहला किंवा हिमालयातल्या ट्रेकवर फोटो काढता काढता बंद पडलेला फोन जॅकेटच्या आतल्या खिशात थोडा वेळ ठेवला की पुन्हा सुरू होतो, तो यामुळेच.

ही गोष्ट जगभर गाजली ती ॲपलमुळे. २०१६ मध्ये आयफोन ६एस अचानक बंद पडण्याच्या तक्रारी वाढल्या. सप्टेंबर-ऑक्टोबर २०१५ मध्ये बनलेल्या काही फोनच्या बॅटऱ्या कंपनीने फुकट बदलून दिल्या. पण तक्रारी तेवढ्या फोनपुरत्या नव्हत्या. जानेवारी २०१७ च्या आयओएस १०.२.१ या अपडेटनंतर फोन बंद पडणं बरंच कमी झालं, आणि लोक वर्षभर ‘फोन मंदावलाय’ म्हणत राहिले. डिसेंबरमध्ये गीकबेंच ही वेगचाचणी बनवणाऱ्या जॉन पूल यांनी आलेख मांडून दाखवलं, की एकाच मॉडेलचे फोन वेगवेगळ्या वेगाने धावताहेत. दोन दिवसांत ॲपलने कबूल केलं : बॅटरी थकली असेल तर आम्ही प्रोसेसरला लगाम घालतो, म्हणजे तो एकदम जास्त वीज ओढत नाही. तांत्रिकदृष्ट्या हा उपाय चुकीचा नव्हता. ग्राहकाला न सांगता तो केला, हा खरा अपराध. मग माफी मागितली गेली, बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आला, आणि २०१८ मध्ये आयफोनच्या सेटिंगमध्ये ‘बॅटरी हेल्थ’ दिसू लागली. तिथला आकडा ८० टक्क्यांखाली असेल, तर पुढची तपासणी करत बसू नका. सरळ बॅटरी बदला.

ज्यांच्या फोनमध्ये असा आकडा नाही, त्यांनी एक करावं. ज्या कामाला फोन बंद पडतो तेच काम, म्हणजे फ्लॅश लावून व्हिडिओ किंवा व्हिडिओ कॉल, चार्जर लावून करून पाहावं. चार्जरवर फोन तग धरतो आणि काढला की मान टाकतो, तर दोषी जवळजवळ नक्की बॅटरीच. मागचं झाकण उचललेलं दिसलं किंवा स्क्रीन कडेने सुटू लागली, तर बॅटरी फुगली आहे. मग मात्र कसलीच चाचणी नको. चार्जिंग बंद करा, झाकण दाबून बसवू नका आणि फोन दुकानात न्या.

बाकीची कारणं किरकोळ, पण फसवणारी आहेत. रोज रात्री ठरल्या वेळी फोन बंद होत असेल, तर सेटिंगमध्ये ‘शेड्यूल्ड पॉवर ऑन/ऑफ’ शोधा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ही सोय असते आणि नातवंडांच्या हातून ती सुरू होते. खिशात असतानाच फोन बंद-चालू होत असेल, तर कव्हर काढून पाहा. घट्ट कव्हर पॉवरचं बटण दाबून धरतं. मे महिन्यात गाडीच्या काचेखाली, नकाशा चालू आणि शिवाय चार्जिंगला लावलेला फोन तापून बंद पडला, तर तो त्याचा शहाणपणा समजा. सावलीत थंड होऊ द्या, फ्रिजमध्ये ठेवू नका. पावसात भिजलेला फोन तांदळात पुरण्याने आतला गंज थांबत नाही. तो उघडून साफच करावा लागतो.

आणि चार्जरवर असतानाही बंद पडत असेल, तर बहुधा बोर्डाचं दुखणं. तेव्हा कारागिराला म्हणा, ‘सेट डीसी सप्लायला लावून दाखवा.’ पॉवरचं बटण दाबण्याआधी सप्लायवरचा अँपिअरचा काटा जवळपास शून्यावर हवा. आधीच वर चढलेला असेल, तर कुठेतरी शॉर्ट आहे, आणि सॉफ्टवेअर कितीही वेळा मारलं तरी तो काटा खाली येणार नाही.