कार्यप्रणालीच्या प्रकाशनापूर्वी अत्यावश्यक पॅकेजेसची निश्चिती : मराठी वापराच्या संदर्भात

ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजेच संगणकाची कार्यप्रणाली ही एकसंध वस्तू नसून अनेक लहानमोठ्या पॅकेजेसची जुळणी असते. लिनक्सच्या डेबियन या वितरणात तर ती हजारोंनी असतात. सर्व निर्दोष होईपर्यंत थांबावयाचे ठरविल्यास नवी आवृत्ती कधीच निघणार नाही. म्हणून कोणत्या पॅकेजमधील दोषासाठी प्रकाशन रोखावयाचे, हे आधी ठरवावे लागते.

फेडोरा या वितरणात ही निवड कार्यावरून होते. संगणक सुरू होणे, पडद्यावर चित्र उमटणे, लॉग-इन, नेटवर्क जोडणी आणि पुढील सुधारणा उतरवून घेणे या क्रियांना लागणारी पॅकेजेस व त्यांची आधारभूत पॅकेजेस मिळून 'क्रिटिकल पाथ' बनतो. यांतील शेवटची क्रिया शाबूत राहिल्यास इतर बरेच दोष मागाहून दुरुस्त करता येतात. डेबियनमध्ये दोषाच्या तीव्रतेबरोबर वापरही पाहिला जातो. 'पॉपकॉन' या ऐच्छिक नोंदणीत पुरेशा संगणकांवर आढळणारी पॅकेजेस प्रमुख गणली जातात; इतरांत गंभीर दोष तसाच राहिल्यास ती आगामी आवृत्तीतून आपोआप वगळण्याची पद्धत २०१३ पासून आहे. ज्या गावातील संगणक इंटरनेटला जोडलेलाच नाही, त्याची नोंद या गणनेत अर्थातच होत नाही.

परभणी येथे १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. तेथील शिफारशी ज्यांच्यासाठी असतात, त्यांना उद्देशून लिहावयाचा 'शेतकऱ्यांना' हा शब्दच येथे कसोटीचा ठरतो. त्यातील अर्धा र रफाराच्या रूपाने उमटला, तर शब्द अशुद्ध होतो. 'दऱ्या' आणि 'दर्या', 'आचाऱ्यास' आणि 'आचार्यास' यांत तर अर्थच पालटतो. अक्षरजुळणी करणारे 'हार्फबझ' हे पॅकेज चित्रमय पडद्यासाठी लागतेच, त्यामुळे ते यादीत येते. पण इंग्रजी अक्षरे नीट दिसली की चाचणी उत्तीर्ण समजली जाण्याचा धोका राहतो. देवनागरी फॉन्टची स्थिती अधिक नाजूक आहे. त्याच्यावाचून संगणक सुरू होतो, नेटवर्कही चालते. अवलंबित्वावरून केलेल्या यादीत तो सहसा सापडणार नाही.

सी-डॅकने २००७ मध्ये प्रकाशित केलेली 'बॉस' ही भारतीय भाषांसाठीची कार्यप्रणाली डेबियनवर आधारलेली आहे, हे येथे लक्षात घ्यावे लागते. मूळ वितरणातील निवडीचा परिणाम अशा प्रणालींपर्यंत पोहोचतो. म्हणून वरील शब्द टंकलिखित करणे, साठविणे, पुन्हा उघडणे आणि छापून पाहणे ही चाचणी प्रकाशनाच्या अटींतच असावयास हवी. एखाद्या महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेत ती बीटा आवृत्तीवर सहज घेता येते. मात्र आढळलेला दोष बदल गोठविण्यापूर्वी कळवावा लागतो.